मधपेटी : आठ मिलिमीटरचे गणित

पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर, भीमा नदीच्या परिसरात वसलेले शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधिस्थळामुळे सर्वपरिचित आहे. समाधीच्या दर्शनाला येणाऱ्यांचे लक्ष सहसा भोवतालच्या शिवाराकडे जात नाही. कांदा, ऊस, भाजीपाला आणि तालुक्याच्या कोरडवाहू भागात डाळिंब अशी पिके घेणाऱ्या या पट्ट्यातील अनेक पिकांचे उत्पन्न मात्र एका लहानशा कीटकावर अवलंबून असते. कांद्याच्या बीजोत्पादनाचेच उदाहरण घेता येईल. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर ग्रहणक्षम होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत कोणीतरी वाहून न्यावा लागतो. हे काम प्रामुख्याने मधमाश्या करतात. गोंडे भरघोस फुलले, पण माश्याच फिरकल्या नाहीत, तर बी कमी भरते.

म्हणूनच मधमाशीपालन हा केवळ मधाचा व्यवसाय राहिलेला नाही. शेताच्या बांधावर मधपेटी ठेवण्याचा विचार शेतकरी करू लागले आहेत आणि तयार पेटी विकत घेण्याऐवजी नकाशा मिळवून गावातील सुताराकडून ती करून घेण्याकडेही अनेकांचा कल असतो. वरवर पाहता मधपेटी म्हणजे साधे लाकडी खोके. त्यात ना यंत्र, ना अवघड नक्षीकाम. तरीही हौसेने केलेल्या अनेक पेट्या ओस पडतात. माश्या त्यांत राहत नाहीत किंवा राहिल्या तरी चौकटी बाहेर काढता येत नाहीत. या अपयशामागे बहुधा काही मिलिमीटरांची चूक असते.

माशी आधी, नकाशा नंतर

महाराष्ट्रात मधमाश्यांच्या प्रमुख चार जाती आढळतात. उंच झाडांवर, कड्यांवर आणि शहरांत इमारतींच्या सज्जांखाली मोठे एकच पोळे लटकवणारी ती आग्या माशी. झुडपात तळहाताएवढे एकच पोळे बांधणारी ती फुलोरी. या दोन्ही जाती उघड्यावर राहतात. अंधाऱ्या बंदिस्त जागेत त्या नांदत नाहीत. त्यामुळे पेटी कितीही उत्तम असली तरी त्यांच्यासाठी ती निरुपयोगी ठरते.

तिसरी जात सातेरी. शास्त्रीय भाषेत ती एपिस सेराना इंडिका. झाडाची ढोली, भिंतीतील पोकळी, वारुळ, विहिरीच्या कपारी अशा अंधाऱ्या जागी ही माशी एकमेकींना समांतर अशी अनेक पोळी बांधते. चौथी जात मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशी. ती मूळची भारतातील नव्हे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात कांगडा खोऱ्यातील नगरोटा बगवां येथे, डॉ. ए. एस. अटवाल यांच्या प्रयत्नांतून, तिचे भारतात यशस्वी स्थिरीकरण झाले. त्यानंतर ती देशाच्या अनेक भागांत पसरली. तीही पोकळीत समांतर पोळी बांधते. पेटीत पाळता येतात त्या मुख्यतः या दोनच जाती.

मात्र दोघींच्या गरजा वेगळ्या आहेत. मेलिफेरा आकाराने मोठी आणि तिची वसाहतही मोठी. सातेरी लहान, तिची घरेही लहान आणि दोन पोळ्यांमधले अंतरही कमी. इंग्रजी पुस्तकांतून वा परदेशी संकेतस्थळांवरून मिळणारे बहुतेक नकाशे मेलिफेरासाठी आखलेले असतात. तो नकाशा तंतोतंत पाळून केलेल्या पेटीत सातेरीची वसाहत ठेवली, तर सुताराचे काम निर्दोष असूनही पेटी चुकीचीच ठरते. कोणती माशी पाळायची हे ठरल्याखेरीज लाकडाला करवत लावू नये, हा या व्यवसायातील पहिला नियम होय.

मधमाशी-अंतराचा शोध

पेटीचे संपूर्ण शास्त्र एका निरीक्षणावर उभे आहे. पूर्वी मधमाश्या मातीच्या मडक्यांत, पोकळ ओंडक्यांत, गवताच्या टोपल्यांत किंवा घराच्या भिंतीत ठेवलेल्या कोनाड्यांत पाळल्या जात. मध काढायचा तर पोळे कापावे लागे. त्यात अंडी, अळ्या आणि पराग यांचाही नाश होई आणि अनेकदा संपूर्ण वसाहत संपे. स्विस निसर्गसंशोधक फ्रान्स्वा ह्यूबर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडणारी निरीक्षणपेटी तयार केली. पण व्यवसायाला ती सोयीची नव्हती.

अमेरिकेतील धर्मोपदेशक लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांना १८५१ मध्ये या कोड्याचे उत्तर सापडले. दोन पृष्ठभागांमध्ये माशीला जेमतेम ये-जा करता येईल एवढी फट असली, तर माश्या ती मोकळी ठेवतात. फट त्याहून मोठी असली, तर तेथे जादा पोळे बांधतात. फट त्याहून लहान असली, तर मेलिफेरा माशी ती झाडांच्या डिंकासारख्या चिकट द्रव्याने बुजवून टाकते. चौकटीच्या सर्व बाजूंना ही योग्य फट ठेवली, की चौकट पेटीला चिकटत नाही आणि हाताने उचलून बाहेर काढता येते. या फटीलाच मधमाशी-अंतर म्हणतात. लँगस्ट्रॉथ यांना ५ ऑक्टोबर १८५२ रोजी आपल्या पेटीचे एकस्व मिळाले. पुढे १८५७ मध्ये योहान्नेस मेहरिंग यांनी मेणपत्रा तयार करण्याचा साचा काढला आणि १८६५ मध्ये फ्रान्झ फॉन ह्रुश्का यांनी पोळे न मोडता मध काढणारे मधयंत्र पुढे आणले. सुटी चौकट, मेणपत्रा आणि मधयंत्र या तीन गोष्टींनी आधुनिक मधमाशीपालनाचा पाया घातला.

मेलिफेरासाठी लँगस्ट्रॉथ पेटीत हे अंतर सुमारे साडेनऊ मिलिमीटर धरले जाते. सातेरीसाठी ते सुमारे आठ मिलिमीटर पुरते. फरक केवळ दीड मिलिमीटरचा; पण माशीच्या लेखी तो रस्ता आणि रिकामी खोली यांतील फरक आहे.

न्यूटन पेटीपासून भारतीय मानकापर्यंत

भारतात या पेटीचे देशी रूप घडवण्याचे श्रेय दक्षिणेत काम करणारे जेझुइट धर्मगुरू फादर न्यूटन यांना दिले जाते. १९१० च्या सुमारास त्यांनी सातेरीच्या आकाराला साजेशी लहान पेटी तयार केली आणि तिरुचिरापल्ली परिसरात ग्रामस्थांना तिचे शिक्षण दिले. ‘न्यूटन पेटी’ या नावाने ती दक्षिण भारतात रूढ झाली.

महाराष्ट्रात या विषयाला ग्रामोद्योगाच्या चळवळीने बळ दिले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या आणि वर्ध्याच्या मगनवाडीत केंद्र असलेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाला ग्रामोद्योगांत स्थान दिले. महाबळेश्वरच्या जंगलपट्ट्यात सातेरीचे पालन रुजले. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आजही तेथेच आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये पुण्यात मधमाशीविषयक केंद्रीय संस्था स्थापन केली. केंद्रीय मधमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था या नावाने ती ओळखली जाते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ही या दीर्घ परंपरेचीच पुढची पायरी होय.

प्रत्येक प्रांतात वेगळ्या मापाची पेटी असली, की एका पेटीची चौकट दुसरीत बसत नाही, मेणपत्रा मापात मिळत नाही आणि मधयंत्रही जुळत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी भारतीय मानक १५१५ तयार झाले. त्यातील ‘अ’ प्रकार न्यूटन पेटीच्या वळणाचा असून त्याची चौकट आतून २१० बाय १४५ आणि बाहेरून २३० बाय १६५ मिलिमीटर असते. ‘ब’ प्रकाराची चौकट आतून २८० बाय १७५ आणि बाहेरून ३०० बाय १९५ मिलिमीटर. हे दोन्ही प्रकार सातेरीसाठी आहेत. लँगस्ट्रॉथ पेटीची चौकट याहून बरीच मोठी, बाहेरून सुमारे ४४८ बाय २३२ मिलिमीटर असते आणि ती मेलिफेरासाठी वापरली जाते.

पेटीचे भाग

पेटीची रचना खालून वर अशी असते. सर्वांत खाली पायांची घोडी. तिच्यावर तळपाट, त्याचा पुढचा भाग थोडा बाहेर आलेला असतो व माश्या उतरण्याची फळी म्हणून उपयोगी पडतो. तळपाटावर शिशुकोठी. राणी येथे अंडी घालते आणि वसाहतीची वाढ येथेच होते. शिशुकोठीवर मधकोठी. तिच्या चौकटी उंचीला कमी असतात. कारण मधाने भरलेली कोठी जड होते आणि कमी उंचीच्या पोळ्यांतून मध काढणेही सोपे जाते. त्यावर आतील झाकण आणि सर्वांत वर पावसापासून संरक्षण करणारे, पत्रा मढवलेले छत. कोठ्या नुसत्या एकमेकींवर ठेवायच्या असतात. खिळ्यांनी जोडायच्या नसतात.

आकडेमोड कशी करावी

नकाशा वाचताना पेटीच्या बाहेरील मापापासून आरंभ करणे ही नेहमीची चूक आहे. गणित चौकटीपासून सुरू होते आणि बाहेरच्या दिशेने जाते. आठ चौकटींच्या ‘अ’ प्रकारच्या शिशुकोठीचे उदाहरण पाहू.

चौकटीची बाहेरील लांबी २३० मिलिमीटर. पुढे व मागे प्रत्येकी आठ मिलिमीटरची वाट सोडली, की कोठीची आतील लांबी २४६ मिलिमीटर होते. एका पोळ्याच्या मध्यापासून शेजारच्या पोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर सातेरीसाठी ३१ ते ३२ मिलिमीटर धरतात. मेलिफेरासाठी ते सुमारे ३५ असते. ३२ चे माप घेतले आणि वरच्या पट्टीची रुंदी २४ ठेवली, तर दोन पट्ट्यांमध्ये आठ मिलिमीटरची वाट उरते. आठ पट्ट्यांचे १९२, त्यांमधील सात वाटांचे ५६ आणि दोन्ही भिंतींलगतचे १६ मिळून आतील रुंदी २६४ मिलिमीटर येते. चौकटीची उंची १६५. तिच्याखाली आठ मिलिमीटर मोकळे सोडले, की भिंतीची उंची १७३ होते. चौकटीची वरची पट्टी दोन्ही टोकांना बाहेर आलेली असते आणि भिंतीत कोरलेल्या खाचेत टेकते. पट्टीचा माथा भिंतीच्या काठाशी समतल यावा, एवढीच खाच खोल हवी.

भिंतीच्या फळीची जाडी साधारणपणे २० ते २५ मिलिमीटर असते. ती हाती आलेल्या लाकडानुसार थोडी बदलली तरी बिघडत नाही. बाहेरील माप बदलेल, आतील नव्हे. म्हणजे बाहेरील मापात सूट आहे, आतील मापात नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण उद्भवते. आपल्याकडील सुतार अजूनही इंच आणि सूत या मापांत विचार करतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे सव्वातीन मिलिमीटर. आठ मिलिमीटर म्हणजे अडीच सूत. खिडकीच्या चौकटीत अर्ध्या सुताचा फरक रंध्याने निभावून नेता येतो. मधपेटीत मात्र प्रत्येक पट्टी एक मिलिमीटरने रुंद झाली, तर आठ पट्ट्यांमागे आठ मिलिमीटर वाढतात आणि एक संपूर्ण वाट नाहीशी होते. म्हणून नकाशातील मापे तोंडी सांगण्यापेक्षा एक अचूक चौकट नमुना म्हणून सुताराच्या हाती देणे आणि तिच्यावरून लाकडी साचा करून त्यातच सर्व चौकटी जुळवणे हितावह ठरते.

लाकूड आणि जोडणी

पेटीचे लाकूड पूर्ण वाळलेले, वजनाला हलके, उग्र वास नसलेले आणि सहज न वाकणारे असावे. सागवान टिकाऊ व उत्तम, पण महाग. तूनही या कामासाठी नावाजलेले आहे. ओले लाकूड स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. उन्हाळ्यात ते आकसते, फळ्या वाकतात आणि काळजीपूर्वक राखलेली सर्व अंतरे बिघडतात. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने अधिक फुगते-आकसते, हे ध्यानात घेऊन फळ्या कापाव्या लागतात. वाळवीच्या औषधात बुडवलेले लाकूड कधीही वापरू नये. जे औषध वाळवीला मारते, ते मधमाशीलाही सोडत नाही.

कोपरे गुण्याने तपासून काटकोनात जुळवावेत. शक्य असल्यास एकमेकांत गुंतणारे सांधे करावेत. नुसत्या खिळ्यांचे सांधे पावसाळ्यानंतर उघडतात. सातेरीच्या बाबतीत सांध्यांची घट्ट जोडणी विशेष महत्त्वाची आहे. मेलिफेरा चिकट द्रव्य गोळा करून पेटीतील भेगा स्वतः बुजवते. सातेरी हे द्रव्य वापरत नाही. सुताराने ठेवलेली भेग तशीच राहते आणि तिच्यातून मेणकिड्याचा पतंग आत शिरून अंडी घालतो. त्याच्या अळ्या पोळी पोखरतात. त्रस्त झालेली सातेरी मग फार काळ तग धरत नाही. संपूर्ण वसाहत पेटी सोडून निघून जाते. ओस पडलेल्या अनेक पेट्यांची कथा ही अशी असते.

रंग द्यायचा तर तो केवळ बाहेरून आणि फिकट छटेचा. आतील बाजूस रंग, वॉर्निश वा अन्य लेप देऊ नये. बाहेरून रंगवलेली पेटी वास पूर्ण जाईपर्यंत काही दिवस उघडी ठेवावी. आतून थोडे मधमाशीचे मेण चोळल्यास नवी पेटी माश्यांना लवकर मानवते. चौकटीत तारा ओढून मेणपत्रा बसवताना तो त्याच जातीच्या माशीसाठी छापलेला असल्याची खात्री करावी. मेलिफेराच्या मेणपत्र्यावरील षटकोन सुमारे ५.४ मिलिमीटर रुंद असतात; सातेरीची घरे त्याहून लहान असतात.

पेटी ठेवताना

पेटीचे तोंड शक्यतो पूर्व किंवा आग्नेय दिशेला असावे, म्हणजे सकाळचे ऊन लवकर मिळून माश्या कामाला लागतात. पर्जन्यछायेच्या भागात दुपारच्या उन्हापासून सावली आणि जवळपास स्वच्छ पाणी यांची सोय आवश्यक असते. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. पावसाचे पाणी आत साचू नये म्हणून पेटी पुढच्या बाजूस किंचित उतरती ठेवतात.

वसाहत पेटीत घेण्याचे काम मात्र केवळ वाचून करण्याजोगे नाही. ढोलीतील पोळी अलगद कापून, अंडी-अळ्यांचा भाग चौकटीत दोऱ्याने बांधून आणि राणीला सुखरूप आत आणून वसाहत स्थिर करावी लागते. हे काम सायंकाळी, अनुभवी मधपाळाच्या सोबतीने व संरक्षक जाळी घालूनच केले जाते. माश्यांच्या दंशाची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी या कामापासून दूर राहणेच श्रेयस्कर. पुणे आणि महाबळेश्वर येथील संस्थांच्या प्रशिक्षणाचा खरा उपयोग या टप्प्यावर होतो.

सुट्या चौकटीची सोय दुधारी आहे, हेही विसरता येत नाही. एका पेटीतील चौकट दुसरीत बसते, तसा एका वसाहतीतील रोगही दुसरीत पोहोचतो. थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने १९९० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुतांश वसाहती नष्ट केल्या होत्या. त्यामुळे स्वस्तात मिळालेली जुनी पेटी व जुनी पोळी पूर्वेतिहास न विचारता वापरणे धोक्याचे असते.

मधापलीकडचा हिशेब

सातेरीच्या एका वसाहतीपासून वर्षाकाठी साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. मेलिफेराचे उत्पादन त्याच्या कितीतरी पट असते. केवळ मधाचा हिशेब मांडला, तर सुताराची मजुरी आणि सागवानाचा दर पाहून एखाद-दुसऱ्या पेटीचा उद्योग अनेकांना आतबट्ट्याचा वाटेल. परंतु कांद्याचे बी, सूर्यफूल, वेलवर्गीय भाज्या आणि फळबागा यांना मिळणारा परागीभवनाचा लाभ त्या हिशेबात धरावा लागतो. तो लाभ शेजारच्या शेतालाही मिळतो, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याची जबाबदारीही वाढते. फुलोऱ्याच्या काळात भर सकाळी कीटकनाशकाची फवारणी झाली, तर उत्तम मापाची, उत्तम लाकडाची पेटीही दोन दिवसांत रिकामी होऊ शकते. फवारणी टाळता येत नसेल, तर ती माश्या परतल्यावर सायंकाळी करणे आणि परिसरातील पेटीधारकांना आधी कळवणे, एवढे सौजन्य पुरेसे ठरते.

मडक्यातील वा ढोलीतील पोळे कापून मध घेण्याच्या पद्धतीत माणसाचा लाभ आणि वसाहतीचा नाश हे एकत्रच घडत. सुट्या चौकटीच्या पेटीने ती सांगड तोडली. मध घेता येतो आणि वसाहतही जगते. हे साध्य झाले ते लाकडात राखलेल्या एका अरुंद वाटेमुळे. नकाशा हाती घेणाऱ्याने इतर सर्व तपशिलांत परिस्थितीनुसार तडजोड करावी. त्या वाटेत करू नये.